बी. आर्क.ची फी भरली, पुढचा खर्च कुठे होतो?

मुलीनं किंवा मुलानं बी. आर्क. करायचं ठरवलं की घरात पहिली चौकशी होते ती फीची. पण ही पाच वर्षं मुलं नेमकं काय शिकतात हे कळल्याशिवाय खर्चाचा अंदाज बांधता येत नाही. इथलं निम्मं शिक्षण रेषा मारून, मॉडेल करून आणि जागेवर जाऊन मोजमापं घेऊन होतं. त्याचे पैसे फीच्या पावतीत दिसत नाहीत.

आधी फी. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर महाविद्यालयवार पाहता येते. साधारण वर्षाला एक ते अडीच लाख धरून चाला. शासकीय जागा स्वस्त, पण फार थोड्या. नाटा ही प्रवेश परीक्षा किंवा जेईईचा वास्तुकलेचा पेपर देऊन राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतूनच जागा घ्या, असा माझा आग्रह आहे. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर या फेरीतून आलेल्या खुल्या वर्गातल्या विद्यार्थ्याला राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. याच उत्पन्नमर्यादेत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर ही सवलत जाते आणि पाच वर्षांत हा फरक काही लाखांचा होतो. महाविद्यालयाला वास्तुकला परिषदेची चालू वर्षाची मान्यता आहे ना, तेही पाहा. १९७२च्या कायद्यानुसार या परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. मान्यता नसलेली पदवी स्वस्त पडली तरी उपयोगाची नाही.

आता अभ्यासक्रम. खर्चाच्या दृष्टीनं विषयांचे दोन गट पडतात. पहिला गट कमी खर्चाचा. संरचनाशास्त्रात तुळई-खांबांवर भार कसा येतो ते कळतं. हवामानशास्त्रात सूर्याची दिशा आणि वारा पाहून खिडकी कुठे ठेवायची हे शिकतात. पाणी, सांडपाणी, वीज यांच्या सेवा, इतिहास, अंदाजपत्रक हे विषयही याच गटातले. वही, ग्रंथालयातली पुस्तकं आणि लक्ष देऊन ऐकणं एवढ्यावर ते भागतात.

दुसरा गट म्हणजे डिझाइन स्टुडिओ, बांधकाम-रेखाटन आणि मॉडेल. पदवीचा जीव इथेच आहे आणि खिसाही इथेच रिकामा होतो. पहिल्या सत्रात एखादी बसण्याची जागा किंवा छोटं घर, मग शाळा, पुढे गृहसंकुल, रुग्णालय असं काम वाढत जातं. प्रत्येक डिझाइन दर आठवड्याला शिक्षकांसमोर मांडायचं, मोडायचं, पुन्हा काढायचं आणि शेवटी परीक्षकांच्या ज्युरीपुढे लावायचं. पहिल्या वर्षीच्या साहित्याला, म्हणजे टी-स्क्वेअर किंवा मिनी ड्राफ्टर, पेनं, स्केल, कार्ट्रिज शीट, कटर यांना आठ ते बारा हजार लागतील. ड्रॉइंग बोर्ड महाविद्यालय देतं का, ते विचारल्याशिवाय विकत घेऊ नका. सीनियर मुलांकडे बरंचसं साहित्य निम्म्या किमतीत मिळतं.

मॉडेलवर सुरुवातीला पैसे घालवायची गरज नसते. विचार करण्यासाठी केलेलं मॉडेल जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचं असलं तरी चालतं, कारण त्यात शिक्षक आकार आणि उंची पाहतात. सनबोर्ड, माउंटबोर्ड शेवटच्या मॉडेलला ठेवा. बाल्सा लाकूड तर सांगितल्याशिवाय आणूच नका. छपाईचंही तसंच. आधी ए-थ्रीवर काळी-पांढरी प्रिंट काढून चुका तपासा, ए-वन रंगीत शीट एकदाच काढा. एका शीटला शंभर-दोनशे रुपये पडतात आणि एका सबमिशनला आठ-दहा शीट लागतात. लॅपटॉप आणि सहली वगळून साहित्य व छपाईला वर्षाकाठी वीस ते तीस हजार, असा माझा अंदाज आहे.

लॅपटॉपची घाई करू नका. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षी हातानंच रेखाटन करून घेतात आणि ते चांगलंच आहे, कारण मोजमापाची समज हातातून येते. दुसऱ्या वर्षी सोळा जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला घ्या, सत्तर हजार ते लाख. ऑटोकॅड आणि रेव्हिट विद्यार्थ्यांना मोफत मिळतात. रेंडरिंगचे महागडे खासगी वर्ग पहिल्या तीन वर्षांत मला अनाठायी वाटतात. चित्र देखणं होतं, आराखडा सुधारत नाही.

जिथे हात आखडू नये ती गोष्ट म्हणजे अभ्याससहल. जुना वाडा पायरी-पायरीनं मोजून त्याचे नकाशे काढल्यावर भिंतीची जाडी, चौकातला उजेड, जोत्याची उंची यांचा अर्थ लागतो. स्क्रीनवर तो लागत नाही. अहमदाबादसारख्या एकाच शहराच्या फेरीत जवळच्या अडालजची पंधराव्या शतकातली पायऱ्यांची विहीर, कॉर्ब्युझिएची मिल ओनर्स इमारत, लुई कान यांचं आयआयएम आणि आर्किटेक्ट दोशींचं संगाथ हे कार्यालय पाहता येतं. मुंबई-पुण्याहून रेल्वेनं जाता येतं, त्यामुळे दूरच्या सहलींपेक्षा हे परवडतं. एका सहलीला पंधरा ते तीस हजार धरा आणि पाच वर्षांत अशा किती सहली आहेत ते प्रवेशाच्या वेळीच विचारा.

शेवटच्या दोन वर्षांतले दोन खर्च पालकांच्या हिशेबात बहुधा नसतात. पहिला प्रात्यक्षिक प्रशिक्षणाचा. एक सत्र मुलांना आर्किटेक्टच्या कार्यालयात काम करावं लागतं. मानधन तुटपुंजं, कधी शून्य, आणि कार्यालय दुसऱ्या शहरात असेल तर राहण्या-जेवणाचा खर्च घरचा. मी तरी मुलांना सांगते, ऑफर स्वीकारण्याआधी मानधन लेखी विचारा. त्यात संकोच नको. दुसरा खर्च थिसिसचा. जागेच्या फेऱ्या, छपाई, मोठं मॉडेल मिळून वीस ते चाळीस हजार सहज होतात.

शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर हे सगळं आधीच त्यात बसवा. बँकांच्या आदर्श कर्ज योजनेत फीबरोबर साहित्य, संगणक, अभ्याससहल, प्रकल्प आणि थिसिसचा खर्चही मर्यादेत धरता येतो; महाविद्यालयाच्या खर्चपत्रकात तो नसला तरी बँक त्याचा वाजवी अंदाज धरू शकते. तरीही हा अंदाज नीट बांधला जावा म्हणून पाचही वर्षांचं, बाबवार खर्चपत्रक सहीशिक्क्यानिशी मागा आणि ते हातात आल्यावरच बँकेत जा.