परत गेलेली पत्रे : मेल सर्व्हरच्या मांडणीचा एक धडा

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांकडून आठवणी व जुनी छायाचित्रे मागवण्यात आली, तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांत मजकूर पुष्कळ आला. छायाचित्रे मात्र नाममात्र आली. आम्ही मनाशी म्हटले, त्या काळी वसतिगृहात कॅमेरा होता तरी कोणाकडे? छायाचित्रे येणार कोठून? पुरावा न पाहता काढलेला हा निष्कर्ष इतिहासाच्या शिक्षकास शोभणारा नव्हता, हे लवकरच कळून आले. एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांचा दूरध्वनी आला. त्यांनी घरातील चार छायाचित्रे ईमेलने पाठवली होती आणि ती परत गेली होती. "नको असतील तर तसं सांगायचं होतं, सर," एवढेच ते म्हणाले.

आम्ही तर कोणालाच नको म्हटले नव्हते. मग नकार दिला कोणी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे शिकलो, ते या लेखात मांडत आहोत. आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या संस्थांत, ग्रंथालयांत व कार्यालयांत असेच सर्व्हर आहेत. त्यांना याचा उपयोग व्हावा.

प्रथम पत्राचा प्रवास समजून घेऊ. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यामार्फत पत्र पाठवले आणि व्यक्तीचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये '@' हे चिन्ह ठेवले. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी पत्रांच्या देवाणघेवाणीचा नियमसंच प्रसिद्ध केला. त्याला एसएमटीपी म्हणतात. या नियमांनुसार दोन सर्व्हर एकमेकांशी अक्षरशः संवाद करतात. येणारा आपले नाव सांगतो, पत्र कोणाचे व कोणासाठी ते सांगतो. दारातला सर्व्हर प्रत्येक वाक्याला तीन अंकी उत्तर देतो. २५० म्हणजे 'ठीक आहे'. चाराने सुरू होणारा अंक म्हणजे 'आत्ता नाही, पुन्हा या'. पाचाने सुरू होणारा अंक म्हणजे कायमचा नकार. आमच्या सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, ५५२ हा अंक पुन्हा पुन्हा आढळला. त्यापुढे कारणही लिहिले होते : पत्राचा आकार ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा आहे.

मर्यादा ठरवली कोणी? आमच्या शाळेतील सर्व्हर हा कार्यालयातील एक साधा संगणक आहे. त्यावर लिनक्स असून पत्रांचे काम पोस्टफिक्स नावाची प्रणाली करते. काही वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याने ती विनामूल्य बसवून दिली. तो आता परगावी नोकरीस असतो. त्याला विचारले तर तो म्हणाला, "सर, मी तशी मर्यादा घातलेली नाही. तुम्ही स्वतः पाहा, मी सांगतो कसं ते." पुढचा धडा दूरध्वनीवर झाला. त्या दिवशी शिकवणारा तो होता व विद्यार्थी आम्ही होतो.

पोस्टफिक्स ही प्रणाली वीट्स व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात तयार केली आणि डिसेंबर १९९८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. तिच्या आधी एरिक ऑलमन यांची सेंडमेल ही प्रणाली सर्वत्र वापरात होती. सेंडमेलची मांडणी-फाईल वाचणे जाणकारांनाही जड जाई. पोस्टफिक्सची मांडणी मात्र 'नाव, बरोबरचे चिन्ह, मूल्य' अशा साध्या ओळींत असते. ती 'मेन.सीएफ' या फाईलमध्ये असून, इंग्रजी वाचता येणाऱ्या कोणासही समजू शकते. ती पाहण्याचे व बदलण्याचे साधन म्हणजे 'पोस्टकॉन्फ' ही आज्ञा. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टंकावयाची असते. येथे आम्ही तिचा उच्चार देवनागरीत देत आहोत.

पाहण्याच्या चार रीती ध्यानात ठेवाव्यात. नुसते 'पोस्टकॉन्फ' टंकले, तर शेकडो ओळींची पूर्ण यादी येते. 'पोस्टकॉन्फ -डी' टंकले, तर प्रणालीने जन्मतः बाळगलेली मूल्ये दिसतात. 'पोस्टकॉन्फ -एन' टंकले, तर केवळ आपल्या मेन.सीएफ फाईलमध्ये कोणीतरी हाताने लिहिलेली मूल्ये दिसतात. आणि पोस्टकॉन्फपुढे एखाद्या नियमाचे नाव लिहिले, तर तेवढ्याचेच आजचे मूल्य दिसते. यातली दुसरी व तिसरी यादी शेजारी ठेवून वाचावी. एक यादी सांगते, आपल्याला आयते काय मिळाले. दुसरी सांगते, आपण स्वतः काय ठरवले.

आम्ही 'मेसेज_साइज_लिमिट' या नियमाचे मूल्य विचारले. उत्तर आले : १०२४०००० बाइट. '-एन'च्या यादीत तो नियम नव्हता. '-डी'च्या यादीत होता. म्हणजे आमचा तो विद्यार्थी खरेच बोलत होता. ही मर्यादा शाळेतील कोणीही घातली नव्हती. ती आधीपासूनच होती आणि कोणी विचारले नाही म्हणून चालू राहिली होती. आपल्यापैकी कोणीही न केलेला नियम आपल्या नावाने आपल्याच माणसांना दारातून परत पाठवत होता. कोणी केला नाही म्हणून नियम निरुपद्रवी ठरत नाही, हे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले आहे. त्या दिवशी ते स्वतःच्या कार्यालयात पाहिले.

एक कोटीहून अधिक बाइट म्हणजे पुष्कळ, असे वाटेल. परंतु छायाचित्र ईमेलमधून जाताना अक्षरांच्या रूपात बदलले जाते व सुमारे एक तृतीयांशाने फुगते. त्यामुळे प्रत्यक्षात साडेसात मेगाबाइटच्या आतलीच छायाचित्रे आत येऊ शकत होती. आजच्या मोबाइलने काढलेली तीन-चार मेगाबाइटची दोन छायाचित्रे जेमतेम मावतात. चार मावत नाहीत.

आता बदलाकडे वळू. आधी मेन.सीएफ फाईलची प्रत काढून तिला तारखेचे नाव द्यावे. मग व्यवस्थापकाच्या अधिकाराने 'पोस्टकॉन्फ -ई' टंकून, पुढे अवतरणचिन्हांत नियमाचे नाव, बरोबरचे चिन्ह व नवे मूल्य लिहावे. पोस्टकॉन्फ ती ओळ फाईलमध्ये स्वतः घालते किंवा जुनी ओळ बदलते. फाईल हाताने उघडूनही हे करता येते. पण तेथे एकच नियम दोनदा लिहिला जाण्याचा धोका असतो, आणि तसे झाल्यास शेवटची ओळ खरी धरली जाते. त्यानंतर 'पोस्टफिक्स चेक' या आज्ञेने ढोबळ दोष तपासावेत आणि 'पोस्टफिक्स रीलोड' या आज्ञेने चालत्या प्रणालीस नवी मांडणी वाचावयास लावावी. बहुतेक नियमांना एवढे पुरते; सर्व्हरने कोणत्या पत्त्यांवर ऐकावे हे सांगणारा 'इनेट_इंटरफेसेस' नियम बदलला, तर मात्र प्रणाली पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करावी लागते.

येथे आमच्याकडून एक चूक झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. उत्साहाच्या भरात आम्ही मर्यादा सहा कोटी बाइट केली. तपासणीत काही दोष निघाला नाही. पत्रे स्वीकारली जाऊ लागली, परंतु पेटीत एकही पडेना! 'पोस्टक्यू -पी' ही आज्ञा रांगेत अडकलेली पत्रे दाखवते. रांग वाढतच होती. लॉग वाचल्यावर उलगडा झाला. 'मेलबॉक्स_साइज_लिमिट' नावाचा दुसरा एक नियम आहे. त्याचे आयते मूल्य ५१२००००० बाइट असते. एका पत्राची मर्यादा पेटीच्या मर्यादेपेक्षा मोठी झाली, की पेटीत पत्र टाकणारा विभाग काम करण्याचेच नाकारतो. आम्ही एक नियम बदलला होता. त्याच्याशी जोडलेला दुसरा नियम वाचला नव्हता.

सुदैवाने पोस्टफिक्स अडलेले पत्र लगेच फेकून देत नाही. मूळ मांडणीत ते पाच दिवस रांगेत राहते आणि पोचवण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा होतो. आम्ही शांतपणे हिशेब केला. मोठ्या विनामूल्य ईमेल सेवा साधारणतः पंचवीस मेगाबाइटपर्यंतची जोडपत्रे पाठवू देतात. फुगल्यावर ती पस्तीस मेगाबाइटच्या आसपास जातात. म्हणून चार कोटी बाइट पुरेसे होते आणि पेटीच्या मर्यादेच्या आतही होते. मूल्य बदलले, रीलोड केले, 'पोस्टक्यू -एफ' या आज्ञेने रांगेतील पत्रे पुन्हा चालती केली. काही मिनिटांत रांग रिकामी झाली.

एक सावधगिरीची सूचना. 'मायनेटवर्क्स' या नियमात विश्वासातील यंत्रांची यादी असते. त्यांच्याकडून आलेले पत्र सर्व्हर बाहेर कोठेही पोचवतो. सोय म्हणून ही यादी सर्व जगाला खुली केली, तर कोणीही आपल्या सर्व्हरमधून कचरापत्रे पाठवू लागतो व आपल्या संस्थेचे नाव काळ्या यादीत जाते. दार उघडणे आणि दारच काढून टाकणे यांत भेद आहे.

आयत्या मिळालेल्या मांडणीवर डोळे मिटून विसंबण्याचा परिणाम जगानेही पाहिला आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेला मॉरिस वर्म अनेक संगणकांत शिरला, त्याच्या वाटांपैकी एक वाट सेंडमेलमधील चाचणीसाठीच्या सोयीची होती. ती सोय कित्येक ठिकाणी तशीच चालू राहिली होती. चालू आहे हे ज्यांच्या यंत्रावर होते त्यांतील बहुतेकांना ठाऊक नव्हते.

आता कार्यालयात आम्ही एक वही ठेवली आहे. तारीख, नियमाचे नाव, जुने मूल्य, नवे मूल्य, बदलाचे कारण आणि बदलणाऱ्याची सही असे सहा रकाने तीत आहेत. पहिल्या पानावर आमची सहा कोटींची चूकही नोंदली आहे. आमच्यानंतर जे या खुर्चीवर बसतील, त्यांना कोणता नियम आयता आला व कोणता कोणी, कशासाठी केला, हे विचारत फिरावे लागू नये. नववी-दहावीच्या काही विद्यार्थ्यांना आम्ही '-डी' व '-एन' या दोन याद्या वाचावयास शिकवत आहोत. बदलण्याचा अधिकार सर्वांना देता येत नाही; वाचण्याचा देता येतो.

लॉगवरून ज्यांची पत्रे परत गेली होती, त्या सर्वांचे पत्ते काढून आम्ही प्रत्येकास क्षमा मागणारे पत्र लिहिले आणि छायाचित्रे पुन्हा मागवली. बहुतेकांनी ती पाठवली. दूरध्वनी करणाऱ्या त्या वडिलांकडे आम्ही स्वतः जाऊन आलो. त्यांची चारही छायाचित्रे या स्मरणिकेत आहेत. तरीही काही जणांचे उत्तर आलेले नाही. शाळेने आपल्याला नको म्हटले, असे समजून कोणी हे पान वाचत असेल, तर त्यांना आमचे नम्रपणे सांगणे आहे : तो नकार आमचा नव्हता. मात्र तो वेळीच पाहिला नाही, ही चूक आमची होती. पत्र पुन्हा पाठवावे. आता ते पोचेल.