डावीकडे जेवढे, उजवीकडे तेवढे

बाळा, रसायनशास्त्र म्हणजे पाठांतर, असं तुला कुणीतरी सांगून ठेवलंय. तुझी वही बघितल्याबरोबर कळलं. एकेक सूत्र दहादा लिहून काढलंयस, अक्षरही देखणं आहे. पण असं घोकलेलं निम्मं परीक्षेच्या आदल्या रात्रीच पळून जातं. हा विषय मुळात हिशोबाचा आहे. अणू किती, प्रभार किती, ग्रॅम किती, एवढं दर ओळीला चोख लिहायची सवय लागली की घोकायला फार थोडं उरतं. खालचं सगळं एका दमात वाचू नकोस. रोज चार-पाच घे आणि वहीत करून बघ.

१. मूलद्रव्याची संज्ञा लिहिताना पहिलं अक्षर मोठं, दुसरं लहान, आणि ते लहान आहे हे तपासणाऱ्याला दिसायला हवं – सी आणि ओ दोन्ही मोठी काढलीस तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो, ओ लहान काढलास तर कोबाल्ट नावाचा धातू.

२. पहिल्या वीस मूलद्रव्यांची इलेक्ट्रॉन मांडणी मात्र तोंडपाठ हवी, तिथे सूट नाही – बाहेरच्या कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत ते कळलं की संयुजा वेगळी पाठ करावी लागत नाही. सोडिअम २, ८, १ म्हणून एक देतो. क्लोरीन २, ८, ७ म्हणून एक घेतो. आणि तुझ्या डब्यातलं मीठ तयार होतं.

३. आवर्तसारणी भिंतीवर लाव आणि आधी उभी वाच, मग आडवी – एका गणातली भावंडं वागायला सारखी असतात. याच भरवशावर मेंडेलीव्हने १८६९ साली, अवघी ६३ मूलद्रव्यं माहीत असताना, सारणीत जागा मोकळ्या सोडल्या होत्या. ॲल्युमिनिअमखालच्या मोकळ्या जागी बसणारं गॅलिअम १८७५ मध्ये सापडलं. आज सारणीत ११८ आहेत.

४. संयुजा तिरक्या उतरवून सूत्र मांडलंस की आकड्यांना भाग जातो का ते बघ – मॅग्नेशिअमची २, ऑक्सिजनची २, म्हणून दोघांखाली दोन-दोन लिहून पुढे गेलीस तर हातचा गुण गेला.

५. संयुक्त मूलक एकाहून जास्त वेळा आलं की कंस घालायचाच – कॅल्शिअम हायड्रॉक्साइडमध्ये कंस राहिला तर खालचा २ एकट्या हायड्रोजनला लागतो आणि एक ऑक्सिजन कागदावरून नाहीसा होतो.

६. लोखंड दिसलं की पेन थांबव आणि विचार, दोनचं की तीनचं – फेरस आणि फेरिक ही दोन वेगळी माणसं नाहीत, पण त्यांची क्लोराइडं वेगळी, रंग वेगळे आणि सूत्रंही वेगळी.

७. समीकरण आधी शब्दांत लिही, मग सूत्रांत, आणि संतुलन सगळ्यात शेवटी – तिन्ही एकदम करायला गेलं की चूक नेमकी कुठे शिरली ते सापडत नाही.

८. संतुलन करताना सूत्राच्या पुढचा आकडा बदल; खालच्याला हात लावायचा नाही – पाण्यातल्या ऑक्सिजनखाली २ लिहिलंस तर दोन्ही बाजू जुळतील, पण ते पाणी राहणार नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होईल. खालचा आकडा हलला, की पदार्थच बदलला.

९. संतुलनात हायड्रोजन आणि ऑक्सिजन शेवटी मोज – ते बहुधा दोन-तीन ठिकाणी विखुरलेले असतात आणि आधी धरले तर पुन्हापुन्हा बिघडतात.

१०. वजन घटलं किंवा वाढलं असं वाटलं तर वायू कुठे गेला ते शोध – २४ ग्रॅम मॅग्नेशिअम जळून ४० ग्रॅम ऑक्साइड होतं, वरचे १६ ग्रॅम हवेतल्या ऑक्सिजनचे. लाव्हाझिएने अठराव्या शतकात बंद भांड्यांत पदार्थ तापवून, तराजू लावून हेच दाखवलं. डावीकडे जेवढे, उजवीकडे तेवढे, उरलं-सुरलं भांड्याबाहेर.

आता मोलपाशी जरा बसू, कारण हुशार मुलंसुद्धा इथेच विषय सोडतात आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. रेणू इतके बारीक की एकेक मोजणं अशक्य. पण एकसारखी नाणी पोतंभर असली तर ती मोजत न बसता तोलून किती ते सांगता येतं ना? तेच इथे. एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण. हा आकडा २०१९ पासून व्याख्येनेच पक्का ठरवला आहे. पाण्याचं रेणुवस्तुमान १८, म्हणून १८ ग्रॅम पाणी तोललंस की एक मोल रेणू मोजून झाले. १८० मिलिलिटर पाणी प्यायलीस तर दहा मोल पोटात गेले. मिठाचं सूत्रवस्तुमान ५८.५, तेव्हा ५.८५ ग्रॅम मीठ म्हणजे एक दशांश मोल. आठवडाभर स्वयंपाकघरातल्या वस्तूंचे असे मोल काढ, पुस्तकातली उदाहरणं मग कर. एवढ्यानं भीती जाते, हे मी खात्रीने सांगते.

११. गणितात ग्रॅम दिसले की पहिल्याच ओळीत त्यांचे मोल कर – अभिक्रिया रेणूंच्या संख्येवर चालते, वजनावर नाही.

१२. दोन्ही पदार्थांची वजनं दिली असतील तर आधी कोण संपतं ते ठरव, म्हणजे लिमिटिंग रिएजंट शोध – ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन दिले तर पाणी २० ग्रॅम होत नाही, १८ च होतं; २ ग्रॅम हायड्रोजन जोडीदाराविना उरतो. जो आधी सरतो, तोच हिशोब करतो.

१३. वायूच्या मोलसाठी २२.४ लिटर लिहिण्याआधी तापमान आणि दाब वाच – तो आकडा शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाचा. दाब एक बार असेल तर २२.७ घ्यावा लागतो.

१४. क्लोरीनचं ३५.५ बघून अर्धा न्यूट्रॉन शोधू नकोस – निसर्गात ३५ आणि ३७ वस्तुमानांकाचे समस्थानिक साधारण तीनास एक असे मिसळलेले असतात, ती त्यांची सरासरी.

१५. प्रत्येक ओळीत एकक लिही, फक्त उत्तरात नाही – मध्येच ग्रॅमला लिटरने गुणलंस तर एककच ओरडून सांगतं. एकक सुटलं, की गणित तुटलं.

१६. तीव्र आणि संहत यांत गल्लत नको – तीव्र म्हणजे पाण्यात जवळपास सगळं आयनांत फुटणारं, संहत म्हणजे कमी पाण्यात खूप भरलेलं. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल सौम्य आहे, तरी तेच पाण्याविना घेतलं तर कातडी भाजतं.

१७. सामू एकाने उतरला की हायड्रोजन आयनांची संहती दहापट वाढते – म्हणून ५ आणि ३ यांत फरक दोनाचा दिसला तरी शंभरपटीचा असतो.

१८. लिटमस नसेल तर हळदीचा कागद करून ठेव – साबणाच्या पाण्याने तो लाल होतो, आणि आम्लारी ओळखायला तेवढं पुरतं.

१९. ऑक्सिडीकरण लिहिलंस की त्याच ओळीत क्षपण कुणाचं झालं तेही लिही – दिलेला इलेक्ट्रॉन कुणीतरी घेतलेला असतोच. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात जस्ताचा तुकडा टाकून बघ. जस्त देतं, तांबं घेतं, आणि निळा रंग फिका पडत जातो.

आता प्रयोगशाळेचं. इथे माझं ऐकच, कारण इथली चूक खोडरबराने पुसता येत नाही.

२०. आम्ल पाण्यात ओत. पाणी आम्लात कधीच नाही – संहत सल्फ्युरिक आम्ल तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या १.८४ पट जड. पाणी वरच तरंगतं, मिसळताना निघणाऱ्या उष्णतेने तिथेच उकळतं आणि आम्लासकट तोंडावर उडतं. म्हणून काचकांडीवरून बारीक धार, सतत ढवळणं आणि डोळ्यांवर चष्मा.

२१. परीक्षानळी तापवताना तिरकी धर, हलवत राहा आणि तिचं तोंड कुणाकडेही नको – एकाच जागी आच लागली की आतलं द्रावण एकदम उसळून बाहेर येतं.

२२. वास घ्यायचा तर नळीवरून हाताने वारा आपल्याकडे आण – नाक तोंडाशी नेलंस तर अमोनियासारखा वायू श्वासच कोंडतो.

२३. बाटलीवरची चिठ्ठी घेताना एकदा आणि ओतताना एकदा वाच – नायट्रेट आणि नायट्राइट यांत एका मात्रेचा फरक आहे. चिठ्ठी वाचेल, त्याचं बोट वाचेल. आणि उरलेलं परत बाटलीत ओतू नकोस, पुढच्याचा प्रयोग नासतो.

२४. ब्युरेट वाचताना डोळा द्रावणाच्या पातळीत आण आणि वक्राचा खालचा काठ वाच – परमँगनेट असेल तर मात्र वरचा, कारण गडद जांभळ्यातून खालचा दिसत नाही.

२५. घरात संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र होऊ देऊ नकोस, एकापाठोपाठ एकही ओतू नकोस – दोन्ही मिळून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसं जाळतो. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या फळीवर ठेव. हे आजच आईला सांग, आणि घरी साफसफाईला येणाऱ्या मावशींनाही नीट समजावून सांग.