रॉबिन हूडची तलवार आणि सारंगाचा मुखवटा

प्रश्न : 'दि अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' हा सिनेमा कॉलेजात असताना पाहिला होता. परवा मुलाबरोबर पुन्हा पाहिला आणि तितकाच रंगलो. मुलाने विचारलं, "बाबा, आपल्याकडे असे तलवारबाजीचे सिनेमे नव्हते का?" आमची आजी मास्टर विठ्ठल यांचं नाव काढायची, एवढंच मला सांगता आलं. तसा एखादा सिनेमा आज शिल्लक आहे का?
– एक वाचक, फरीदाबाद

उत्तर : होते, आणि भरपूर होते. त्यांतला एक तरी आजही पाहता येण्याजोगा आहे, आणि त्याची नायिका कोण हे कळलं की तुमचा मुलगा उडालाच पाहिजे.

आधी रॉबिन हूडविषयी. 1938 चा हा सिनेमा अजून शिळा वाटत नाही, याचं मोठं श्रेय मी फ्रेड कॅव्हेन्स या तलवारबाजीच्या वस्तादाला देतो. लढणारी माणसं त्याने डोक्यापासून पायापर्यंत दिसू दिली. वार कुठून आला आणि कुणी कसा अडवला, हे आपल्याला कळतं. शेवटच्या द्वंद्वात एरॉल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन लढता लढता चौकटीबाहेर जातात आणि काही क्षण दगडी खांबावर फक्त त्यांच्या प्रचंड सावल्या झुंजतात. मुलाला तेवढा भाग पुन्हा दाखवा. एक गंमतही सांगा : खऱ्या तलवारबाजीत तयार होता तो खलनायक रॅथबोन, पटकथेपुढे बिचाऱ्याचा इलाज नव्हता.

ही लाट आपल्याकडे मात्र फ्लिनच्या आधीच आली होती. 'द मार्क ऑफ झोरो' (1920) आणि 'द थीफ ऑफ बगदाद' (1924) यांमुळे डग्लस फेअरबँक्सने जग वेडं केलं होतं, मुंबईही त्याला अपवाद नव्हती. पण उसनी हौस अंगात मुरायला जमीन लागते, आणि ती इथे तयार होती. कोल्हापुरात पेठोपेठी तालमी, दांडपट्टा आणि फरी-गदका खेळणारी पोरं, आणि बाबुराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी. 1923 साली त्यांनी 'सिंहगड' काढला. त्याच कंपनीत मास्टर विठ्ठल यांनी सुरुवात केली. पुढे मुंबईला शारदा फिल्म कंपनीत ते मारधाडपटांचे नायक झाले, लोक त्यांना भारतीय फेअरबँक्स म्हणू लागले. आजींनी नाव काढावं असाच तो माणूस होता.

1931 साली पहिला बोलपट 'आलम आरा' निघाला, त्याचे नायक हेच. त्यासाठी शारदा सोडली म्हणून खटला झाला आणि विठ्ठल यांची बाजू बॅरिस्टर जिना यांनी मांडली. सिनेमा मिळाला, पण संवादफेक जमेना. ज्याचं शरीर इतकं बोलत होतं, त्याची भाषाच बोलपटाने काढून घेतली, याचं मला फार वाईट वाटतं. पुढे भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक मराठी चित्रपटांत त्यांनी पुन्हा तलवार धरली. 'आलम आरा'ची मात्र एकही प्रत उरली नाही.

उरला आहे तो 'दिलेर जिगर'. साल तेच, 1931. पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा मूकपट, दिग्दर्शक जी. पी. पवार. राजाचा खून होतो, दुष्ट कालसेन गादी बळकावतो आणि तान्हा राजपुत्र गरिबाघरी वाढून कसरतपटू होतो. इथवर कथा ओळखीचीच. पण त्याची जोडीदारीण सारंगा चेहऱ्यावर मुखवटा चढवून स्वतः तलवार घेते! रॉबिन हूडची मॅरियन शूर आहे, पण शेवटी तिला सोडवायला रॉबिनलाच यावं लागतं. सारंगा त्याच्या सात वर्षं आधीची.

ही सारंगा म्हणजे ललिता पवार. होय, 'रामायण' मालिकेतली मंथरा. जन्म येवल्याचा, 1916 चा. म्हणजे तेव्हा वय जेमतेम पंधरा. पुढे 1942 साली चित्रीकरणात बसलेल्या थपडेने डावा डोळा कायमचा अधू झाला, नायिकेची कामं संपली आणि खाष्ट सासू म्हणून त्या घराघरांत पोहोचल्या. त्या सासवांचं मोल मला कमी करायचं नाही. तरी पंधराव्या वर्षी तलवार पेलणारी ही मुलगी आपण साफ विसरलो, ही आपली मोठी हानी आहे.

भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले मोजके टिकले. 'दिलेर जिगर' पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपला आहे. सुट्टीत पुण्याला जाणं झालं तर लॉ कॉलेज रोडवर तिथे आधी पत्र पाठवून चौकशी करा. दिल्लीत मूकपटांचा महोत्सव लागला, तर कार्यक्रमपत्रिकेत हे नाव जरूर शोधा. मुलाला आधी 1920 चा झोरो दाखवा आणि मग सारंगा. मूकपटाच्या चालीला डोळा सरावायला थोडा वेळ लागतो.