कोड सगळ्यांचा, रात्रीचा फोन माझा

इनरसोर्सला माझा विरोध कधीच नव्हता, हे आधी सांगतो. कारण कांजूरमार्गच्या आमच्या ऑफिसात आता उलटंच पसरवलं जातंय. टिम ओ'रायली यांनी २००० साली मांडलेली ही कल्पना पेपॅलसारख्या कंपन्यांनी राबवून दाखवली. ओपन सोर्सची पद्धत कंपनीच्या आत आणायची: कोड सगळ्या टीमना खुला, सुधारणा कुणीही पाठवावी, मूळ टीमने तपासून मर्ज करावी. आमच्याकडे पहिली लायब्ररी मीच खुली केली. रीडमी, टेस्ट, सगळं लिहून.

मर्ज रिक्वेस्ट येऊ लागल्या. तपासायला टाइमशीटमध्ये प्रोजेक्ट कोड मागितला, तर मॅनेजर म्हणाले, "अरे, हे क्लायंटला बिल होत नाही. संध्याकाळी बघ ना." मी बघत राहिलो. एका टीमचा बदल टेस्ट नाहीत म्हणून परत पाठवला. त्यांनी वरून फोन लावला आणि ॲडमिनकडून परस्पर मर्ज करून घेतला.

रिलीजच्या रात्री प्रॉडक्शन कोसळलं. कॉलवर सगळे होते. टाउनहॉलमध्ये "कोड सगळ्यांचा आहे" म्हणून टाळ्या घेतलेले साहेबही. त्यांचा पहिला प्रश्न: "ओनर कोण?" ज्यांनी बदल घुसवला ते म्यूटवर. सगळ्यांचा कोड एका क्षणात माझा झाला! मर्जचा लॉग मी त्याच कॉलवर टाकला. "ब्लेम गेम नको," असं उत्तर मिळालं.

म्हणून सांगतो. मर्जचा अधिकार कुणाला, हे रिपॉझिटरीतच लिहा आणि ब्रांच प्रोटेक्ट करून ॲडमिनलाही तोच नियम लावा. लिनक्स कर्नलमध्ये कुठला भाग कोण सांभाळतं याची 'मेंटेनर्स' नावाची फाइलच असते. रिव्ह्यूचे तास टाइमशीटवर मिळत नसतील तर लायब्ररी खुली करू नका. ३० दिवसांची हमी मागा: बदल प्रॉडक्शनला गेल्यावर महिनाभर त्यातले बग पाठवणाऱ्या टीमनेच सोडवायचे. इनरसोर्समधली ही रूढ पद्धत आहे, माझा हट्ट नाही. निर्णय टपरीवर झाला तरी मर्ज रिक्वेस्टखाली लिहून ठेवा. डॉक्युमेंटेशन चांगलं ठेवा, संवाद ठेवा, वगैरे.

आणि रिव्ह्यूचं काम वर्षाच्या सुरुवातीलाच अप्रेझलच्या गोल्समध्ये घालून घ्या. माझ्या नव्हतं. साहेबांच्या होतं, 'इनरसोर्स अंमलबजावणी' या नावाने, आणि त्यांना त्याचं रेटिंगही मिळालं.