इंजिनाचे इंधन-कोष्टक

चार सिलिंडरांच्या १६०० घन सेंटिमीटर इंजिनाला एका वेळी किती पेट्रोल लागते? कागद-पेन्सिल घ्या. हे गणित शाळेतल्या अभ्यासावर सुटणारे आहे.

एका सिलिंडरच्या वाट्याला ४०० घ.सें.मी. जागा येते. दट्ट्या खाली जाताना ती सगळी हवेने भरली असे समजू. एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम असते, म्हणून ही हवा ०.४८ ग्रॅम भरेल. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. तेव्हा पेट्रोल हवे ०.०३३ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ०.०४४ घ.सें.मी. ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब, बस्स! इंजेक्टर मिनिटाला २०० घ.सें.मी. पेट्रोल सोडत असेल, तर हा थेंब सोडायला त्याला १३.२ मिलिसेकंद लागतील.

(हा १४.७ आकडा निव्वळ पेट्रोलचा. इथेनॉलच्या रेणूत मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला बाहेरची हवा कमी लागते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असेल, तर हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते.)

पण सिलिंडर हवेने पुरता भरतो, हे आपण नुसते धरून चाललो. प्रत्यक्षात हवेला नळीतून, झडपेच्या फटीतून आत यायचे असते, आणि तेही अत्यंत थोड्या वेळात. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर दोन फेऱ्यांचे एक पूर्ण चक्र अवघ्या २० मिलिसेकंदांत संपते. एखाद्या वेगाला सिलिंडर ८५ टक्के भरतो, तर दुसऱ्या वेगाला ५० टक्केच. या टक्केवारीला घनफळी कार्यक्षमता म्हणतात. ती नेमकी किती, हे कोणत्याही सोप्या सूत्राने सांगता येत नाही. ती मोजावी लागते, आणि मोजलेले आकडे मांडून ठेवावे लागतात. तेच इंधन-कोष्टक.

पूर्वी हे काम कार्बुरेटरची बारीक छिद्रे आपल्या परीने करीत. १९६७ मध्ये बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक पद्धत फोक्सवॅगन १६०० या मोटारीत आली. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही मानके लागू झाल्यावर नव्या दुचाकींतूनही कार्बुरेटर जवळजवळ गेलाच. कारखान्यातून येणाऱ्या वाहनातील नियंत्रक सहसा कुलूपबंद असतो. मात्र स्पर्धेची गाडी बांधणारे विद्यार्थी आणि हौशी लोक स्पीडुइनोसारखा खुला नियंत्रक वापरतात. तो अर्डुइनो मेगा या छोट्या संगणक-पाटीवर चालतो. त्याला लॅपटॉप जोडून ट्यूनरस्टुडिओ या प्रणालीतून आकडे भरता येतात.

पडद्यावर १६ ओळी आणि १६ स्तंभ दिसतात, म्हणजे २५६ घरे झाली. आडवा अक्ष फेऱ्यांचा आणि उभा अक्ष हवेच्या नळीतील दाबाचा. इंजिन नेमके एखाद्या घरावर क्वचितच चालते. समजा, ६० किलोपास्कलच्या ओळीत २००० फेऱ्यांना ६२ आणि २५०० फेऱ्यांना ६६ हे आकडे आहेत. ८० किलोपास्कलच्या ओळीत तेच ७० आणि ७६ आहेत. इंजिन २२०० फेरे आणि ६५ किलोपास्कल यांवर चालले आहे. मग नियंत्रक काय करतो? पहिल्या ओळीत तो ६३.६ काढतो, दुसरीत ७२.४, आणि त्या दोहोंमध्ये एक-चतुर्थांश अंतरावर ६५.८. लॉगॅरिथमच्या कोष्टकात मधला आकडा काढतात तसेच हे अंतर्वेशन, आणि ते सेकंदाला कित्येक वेळा चालते.

पुष्कळांना कोष्टकाचे रंगीत आकडे बदलण्याची घाई असते. खरे काम त्याआधीचे आहे. सिलिंडरांची संख्या, त्यांचे घनफळ, इंजेक्टरचा प्रवाह आणि इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ हे आकडे प्रथम बरोबर भरले पाहिजेत. इंजिन सुरू करण्यापूर्वी संवेदकही तपासावेत. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत पाण्याचे आणि हवेचे तापमान खोलीतील तापमापकाशी जुळले पाहिजे. बंद इंजिनात दाब बाहेरच्या हवेइतका दिसला पाहिजे: मुंबईत सुमारे १०१ किलोपास्कल, पुण्यात सुमारे ९५.

यातला एक आकडा चुकला तर काय होते, ते पाहा. इंजेक्टरला विद्युत्प्रवाह मिळाल्यावर तो उघडायला जवळजवळ १ मिलिसेकंद लागतो, आणि तेवढ्यात पेट्रोल बाहेर येत नाही. हा वेळ भरायचा कोणी विसरला. हलक्या भाराला कार्यक्षमता ५० टक्के आणि दाब ४५ किलोपास्कल असेल, तर पेट्रोल सुमारे ३ मिलिसेकंद वाहायला हवे, म्हणजे इंजेक्टरला आज्ञा ४ मिलिसेकंदांची द्यायला हवी. नियंत्रक देतो ३. इंजिन अडखळते. म्हणून तो गृहस्थ कोष्टकातले ५० वाढवून ६७ करतो आणि इंजिन गोड चालू लागते! कोष्टक आता खोटे बोलत आहे, पण कोणाला कळत नाही. रात्री दिवे लागतात, बॅटरीचा दाब उतरतो, इंजेक्टर उघडायला १.४ मिलिसेकंद घेतो. पेट्रोल एकदम १३ टक्क्यांनी घटते आणि इंजिन पुन्हा अडखळते. सकाळी बॅटरी ठीक असते, तेव्हा दोष सापडतही नाही. भरीला भर म्हणजे, जास्त भाराला हीच चूक शेकडा सात-आठच असते, त्यामुळे सगळे कोष्टक एका प्रमाणात वाढवूनही भागत नाही.

पेट्रोल कमी पडण्याचा खरा धोका पूर्ण भाराला असतो. मिश्रण पातळ झाले की ज्वलनकक्ष तापतो, नॉकिंग सुरू होते आणि दट्ट्याचा माथा वितळूही शकतो. जास्त पेट्रोलही वाईटच: ते सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन टाकते आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड वाढवते. म्हणून प्रारंभी पूर्ण भाराची घरे मुद्दाम थोडी वाढवून ठेवतात आणि हलक्या भारापासून जुळवणीला लागतात.

जुळवणीला धुराड्यातील ऑक्सिजन-संवेदक लागतो. एका घरात ६६ आहे, हवे होते १४.७ आणि संवेदक दाखवतो १५.४. मग नवा आकडा ६६ गुणिले १५.४ भागिले १४.७, म्हणजे ६९. शेजारच्या घरांपेक्षा एखादे घर एकदम उंच किंवा खोल निघाले, तर आकडा स्वीकारण्याआधी संवेदक आणि धुराड्याची गळती पाहावी. हवा अशी उड्या मारीत नाही. प्रत्येक फेरीनंतर कोष्टकाची प्रत तारखेसह जपून ठेवावी. आणि हे सारे स्पर्धेच्या किंवा प्रयोगशाळेतील इंजिनावरच करावे. रस्त्यावरच्या वाहनाला प्रदूषणाचे नियम बांधलेले असतात.

आता एक गणित तुमच्यासाठी. महाबळेश्वर सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब सुमारे ८६ किलोपास्कल असतो. आपले १३.२ मिलिसेकंद १०० किलोपास्कलसाठी होते. तेच इंजिन तेथे पूर्ण उघड्या थ्रॉटलवर चालवले आणि कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर इंजेक्टरला किती मिलिसेकंदांची आज्ञा द्यावी लागेल? उघडण्याचा १ मिलिसेकंद मिळवायला विसरू नका.