रोग एक, निवाडे अनेक

“पत्नीच्या गरोदरपणातील रक्ततपासणीत एचआयव्ही आढळला; तिला तो कोठून आला असावा?” अशा आशयाची पत्रे या सदराकडे येत असतात, आणि पत्रलेखकाने स्वतःचे रक्त तपासून घेतल्याचा उल्लेख त्यांत क्वचितच असतो. वैद्यकाचे उत्तर असे की, तपासणी विषाणूचे अस्तित्व तेवढे सांगते. तो शरीरात केव्हा शिरला आणि कोणापासून आला, याविषयी ती काहीच सांगू शकत नाही. गर्भवती स्त्रीची तपासणी आपल्या सरकारी दवाखान्यांत सर्रास होते, तिच्या पतीवर तशी वेळ येतेच असे नाही; त्यामुळे जिचे निदान आधी झाले तिनेच रोग घरात आणला, असा निवाडा देऊन सासर मोकळे होते, आणि भारतात संसर्ग झालेल्या विवाहित स्त्रियांपैकी बहुतेकींना तो पतीकडूनच झालेला आहे, हे सत्य त्या घरात कोणी ऐकूनही घेत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, गर्भधारणेची खात्री होताच पतिपत्नींनी एकाच दिवशी, बरोबर जाऊन तपासणी करून घ्यावी. संसर्ग आढळलाच तर धीर सोडू नये. उपचाराविना आईकडून बाळाला तो होण्याचा संभव १५ ते ४५ टक्के असतो. औषधे वेळेवर सुरू केली, तर तो ५ टक्क्यांच्याही खाली येतो. हल्ली सरकारी केंद्रांतून मिळणाऱ्या गोळीत डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध असते आणि गरोदरपणात दिल्या जाणाऱ्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या त्याच्या शोषणात अडथळा आणतात. यास्तव रिकाम्या पोटी घ्यावयाची असेल, तर ही गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. पुष्कळ स्त्रिया या गोळ्यांची बाटली घरच्यांच्या नजरेपासून लपवून ठेवतात आणि पाहुण्यांची वर्दळ असली की त्यांची मात्रा चुकते. ती चुकू न देण्याची जबाबदारी मी पतीवर आणि सासूबाईंवर टाकतो. सासरने हेही ध्यानात ठेवावे की, पती निवर्तल्यास विधवा ही हिंदू उत्तराधिकार कायद्याने पहिल्या वर्गाची वारस आहे आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने सामाईक घरात राहण्याचा तिचा हक्क मान्य केलेला आहे. रोगाचे निमित्त सांगून तिला मिळकतीवरून बेदखल करता येत नाही.

स्त्रीत्वाच्या जोडीला जात आली, की निवाडा तपासणीचीसुद्धा वाट पाहत नाही. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली वाहण्याची चाल मुंबई इलाख्यात १९३४ च्या आणि कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने निषिद्ध ठरली. परंतु ज्या वाहिल्या गेल्या त्या बहुतांशी दलित कुटुंबांतल्या होत्या, आणि त्यांतील अनेकींची वाट सांगली, मिरज, मुंबई येथील वेश्यावस्त्यांत जाऊन संपली. अशा स्त्रीच्या रोगाकडे तिच्या जातीची आणि धंद्याची साक्ष म्हणून पाहिले जाते. आम्ही वैद्यकीय व्यवसायातले लोकही यातून मुक्त नाही: मुंबई व बंगळूर येथील आरोग्यसेवकांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बहुसंख्यांनी वेश्याव्यवसायातील स्त्रियांची सक्तीने तपासणी व्हावी, असे मत दिले होते. ज्या दारात आपली इच्छा कोणी विचारणार नाही त्या दाराशी आजारी माणूस होईल तितक्या उशिरा येतो, एवढे तरी आम्हांस कळावयास हवे होते. सांगलीत १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ स्थापन करणाऱ्या स्त्रियांना ते कळले होते, आणि निरोधाचा प्रसार त्यांनी स्वतः, परस्परांच्या विश्वासावर केला.

बंगळुरात या वृत्तीचे आणखी एक रूप आढळते. ईशान्येकडून आलेली तरुण मुले-मुली येथे रुग्णालयांत, उपाहारगृहांत, केशकर्तनालयांत काम करतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून घरमालक त्यांच्या चारित्र्याचे व रक्ताचे अनुमान बांधतात. मिझोरममध्ये प्रौढांतील एचआयव्हीचे प्रमाण अडीच टक्क्यांहून अधिक आहे, देशात ते सुमारे ०.२ टक्का आहे, हे खरे. ब्रह्मदेशाच्या सीमेवरून येणारे हेरॉइन आणि ते टोचून घेण्यासाठी अनेकांत फिरणारी एकच सुई, हे त्याचे एक मोठे कारण. पण याच आकड्याचा दुसरा अर्थ असा की, खुद्द मिझोरममध्येही शंभरांपैकी सत्त्याण्णव प्रौढांना हा संसर्ग नाही. औषधे आणि समुपदेशक कोठे पाठवावेत हे ठरविण्यासाठी सरकारी दप्तराला असे आकडे लागतात. समोर उभ्या असलेल्या व्यक्तीचे निदान त्यांवरून करणे हे शास्त्र नव्हे.

तृतीयपंथीयांच्या बाबतीत तर कर्नाटकाच्या पोलीस कायद्यातच २०११ साली संशयितांची नावे-पत्ते टिपणाऱ्या नोंदवहीची तरतूद घातली गेली होती. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांची स्वतंत्र ओळख मान्य केली, तरी पुरुषांच्या कक्षात दाखल करावे की स्त्रियांच्या, या वादात त्यांचे उपचार अजून खोळंबतात. त्यांच्यापैकी जे स्त्रीसंप्रेरके घेतात त्यांनी ती एचआयव्हीच्या गोळ्यांसाठी आपल्या मनाने थांबवू नयेत. डोल्युटेग्रॅव्हिरबरोबर ती सहसा घेता येतात, मात्र डॉक्टरांना त्यांची माहिती द्यावी.

या निवाड्यांचा तडाखा प्रतिष्ठित घरांनाही बसतो, याकडे आपले लक्ष जात नाही. साठीच्या गृहस्थांना महिनोन्‌महिने अतिसार होतो, वजन उतरते, तोंडात पांढरा थर येतो, नागीण उठते, क्षयरोग दुसऱ्यांदा उलटतो. आणि ‘यांच्यासारख्या सभ्य माणसाला कसे विचारावे’ या संकोचाने डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सुचवत नाहीत, कुटुंबीय तर नाहीच नाही. निदान होते तेव्हा प्रतिकारशक्ती खालावलेली असते. अशी लक्षणे असतील तर वाचकांनी आपण होऊन ही तपासणी मागावी.

एका ताटात जेवल्याने, एका न्हाणीघराने, एका पाळण्यात मुले झोपविल्याने हा रोग होत नाही. नियमित औषधाने रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराकडे जात नाही. बंगळुरातील बाउरिंग आणि व्हिक्टोरिया रुग्णालयांतील एआरटी (एचआयव्हीविरोधी उपचार) केंद्रांत औषधे विनामूल्य मिळतात. १०९७ या क्रमांकावर नाव न सांगता सल्ला घेता येतो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. त्यान्वये तुमच्या संमतीवाचून तपासणी करता येत नाही. रोगाच्या कारणावरून उपचार, नोकरी किंवा भाड्याचे घर नाकारता येत नाही. वीस किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या रुग्णालयात तक्रार अधिकारी असणे बंधनकारक आहे. तेथे दाद न लागल्यास याच कायद्याखाली नेमलेल्या राज्याच्या लोकपालाकडे अर्ज करावा. त्यांनी तीस दिवसांत, आणि तातडीच्या वैद्यकीय प्रसंगी शक्यतो चोवीस तासांत हुकूम द्यावयाचा असतो. अर्जात आपले लिंग, जात किंवा धंदा लिहिण्याची गरज नाही. उपचार कोणत्या तारखेस, कोणी आणि काय सांगून नाकारला, एवढे स्पष्ट लिहावे.