अष्टमीच्या धक्क्यावरून चौलकडे

चौल-रेवदंड्याची सहल आपल्या जिल्ह्यातील बहुतेक शाळा-महाविद्यालयांनी केलेली असते. बस रेवदंड्याच्या तटातून आत शिरते, विद्यार्थी सातखणी मनोऱ्यापाशी छायाचित्र काढून घेतात, मग कोर्लई, आणि संध्याकाळी परत. एवढ्याने किल्ला पाहून होतो, शहर पाहून होत नाही. कारण चौल हे डांबरी रस्त्याने येणाऱ्यांसाठी वसलेलेच नव्हते. त्याचा राजरस्ता कुंडलिकेची खाडी हा होता, आणि त्या रस्त्याचे वरचे टोक आपल्या रोहा-अष्टमीला होते.

याला उत्तम साक्षीदार आहे. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील मुंबईहून रायगडास निघाला. तो समुद्रमार्गे रात्री चौलला पोहोचला, तेव्हा पोर्तुगीजांनी शहराचे दरवाजे बंद केलेले होते. वकिलाच्या मंडळींना ती रात्र तटाबाहेरच्या एका लहानशा चर्चमध्ये काढावी लागली. दुसऱ्या दिवशी ते महाराजांच्या ताब्यातील वरच्या चौलात गेले. तेथून खाडीने अष्टमी, पुढे जमिनीवरून निजामपूर आणि मग रायगड, असा त्यांचा मार्ग. ऑक्झेंडनच्या वृत्तांतात 'एस्थेमी' असे चमत्कारिक नाव येते, ती आपली अष्टमीच होय. त्या काळच्या इंग्रजी लिखाणात येणारा 'शिबार' म्हणजेही आपले शिबाड.

या एका प्रवासात चौलची रचना उलगडते. चौल एक नव्हे, दोन होती. समुद्राला खेटून तटबंदीतले पोर्तुगीज चौल, म्हणजे आजचा रेवदंडा. आणि उत्तरेला, नारळी-पोफळीच्या आगरांत, जुने चौल. पहिल्यात तट, बुरूज व चर्चचे अवशेष आहेत, म्हणून तेथे गर्दी होते. खरा जुना गाव दुसरा. कान्हेरीच्या शिलालेखांत चेमुलच्या दात्यांची नावे आहेत, टॉलेमीने या बंदराचा उल्लेख केला आहे, इ. स. ९१५ च्या सुमारास आलेल्या अल मसुदीने येथे सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथील मुसलमानांची मोठी वस्ती पाहिली. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात घोडा घेऊन येथेच उतरला. आज त्या चौलात शिरावे तर रामेश्वराचे देऊळ, एका हमामाचे अवशेष, हिंगळाजची टेकडी आणि वाड्यांमधून वळणाऱ्या पाखाड्या. पाखाडी हा शब्द कोकणात दगडी वाटेलाही लावतात आणि तिच्या काठच्या वस्तीलाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मनोऱ्यापेक्षा या पाखाड्यांना अधिक वेळ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

लढायांपैकी एकीचाच उल्लेख करतो. मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलुकांचे आरमार आणि दीवचा मलिक अयाझ यांनी पोर्तुगीजांना या खाडीच्या मुखाशी गाठले. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेडा याचे जहाज माघार घेताना मच्छीमारांनी जाळ्यांसाठी रोवलेल्या खुंटांत अडकले. ते काही केल्या सुटेना, आणि तो तेथेच मारला गेला. तोफा दोन्हीकडे होत्या; पण पाठ्यपुस्तकात कोठेही न सापडणाऱ्या कोळ्यांच्या खुंटांचाही निकालात वाटा होता!

पुढे १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी निजामशहाच्या परवानगीने किल्ला बांधला, १५७०-७१ चा निजामशाही वेढा सोसला, आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. तोवर व्यापार मुंबईकडे वळला होता. चौलचे रेशीम विणणारे कारागीर सतराव्या शतकातच मुंबईस गेले आणि त्यांच्यासाठी तेथे एक रस्ता वसवण्याचा हुकूम निघाला. चौलची एक आळीच जणू उचलून मुंबईत नेली म्हणा ना.

स्कॉटलंडमधील ॲबर्डीन हेही जुने बंदर. तेथे शिपरो नावाचा रस्ता बंदराकडून गावात चढत जातो. त्यावर १५९३ मध्ये बांधलेले एक घर आहे, आणि १९८४ मध्ये त्याच घरात शहराचे सागरी संग्रहालय सुरू झाले. जहाजांच्या प्रतिकृती, चित्रे, मासेमारीची साधने, सारे मूळ जागेवर. ज्या वाटेने खलाशी चढत, तिनेच प्रेक्षक चढतो. आपल्याकडे असे घर नाही. तोफा कोर्लईच्या तटावर उन्हात पडल्या आहेत.

तरी सामग्री कमी नाही. बेने इस्रायलांची आडनावे पाहा: रोहेकर, अष्टमकर, पेणकर, चेऊलकर. खाडीकाठच्या गावांची ती हजेरीच आहे, आणि रेवदंड्यात त्यांचे प्रार्थनामंदिरही आहे. कोर्लईचे ख्रिस्ती ग्रामस्थ आजही पोर्तुगीजमधून घडलेली आपली वेगळी बोली बोलतात. पेणकरांनी दूर जाण्याचेही कारण नाही. भोगावतीच्या खाडीवरचे अंतोरे बंदर आणि भोवतालची मिठागरे हा याच अभ्यासाचा दुसरा धडा आहे.

सर्वांत आधी टिपून ठेवण्याजोगे आहेत ते शब्द. दगड अजून काही पिढ्या टिकतील. शिडाच्या गलबतावर वावरलेला तांडेल मात्र आता क्वचितच भेटेल. नाळ, परवाण, सुकाणू, डोल, नाखवा हे शब्द कोशात सापडतात, पण परवाण कसे फिरवीत हे कोशात सापडत नाही. भरतीचे गणितही त्यातलेच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाचे पाणी खाडीत दूरवर चढते, भांगाचे बेताचेच. म्हणून भरलेले गलबत वर न्यायचे तर आधी तिथी पाहावी लागे. घरात किंवा शेजारी खाडीवर काम केलेले कोणी वडीलधारे असतील, तर त्यांना पहिला प्रश्न हाच विचारावा: कोणत्या तिथीला, किती पाण्यावर, माल भरून वर येत होतात?